यंत्रांची रंगीत तालीम

श्रोतेहो, नाटकाच्या जगांत रंगीत तालीम म्हणून एक विधि असतो, तो आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. नटांच्या नकला पाठ झाल्या, प्रवेश बसले, कीं प्रयोगाच्या आधीं एके रात्रीं वेष, रंग, पडदे, दिवे, वाद्यें अशा सर्व सरंजामासह संपूर्ण नाटक रिकाम्या खुर्च्यांपुढें करून पाहतात. चूक व्हावयाची असेल तर ती त्या रात्रीं व्हावी, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर होऊं नये, हा त्यामागचा हेतु. आज मीं जो विषय घेतला आहे तो याच रंगीत तालमीचा आहे. फरक एवढाच कीं, माझ्या नाटकांतलीं पात्रें माणसें नसून यंत्रें आहेत.

मी आयुष्यभर शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां यंत्रविद्येंतील अधिकारी म्हणून मी आपणांपुढें बोलत नाहीं. परंतु माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी हल्लीं पुण्यास मोटारींच्या पोटांत बसणाऱ्या संगणकांचें काम करतो. तो एकदां घरीं आला असतां मीं त्याला विचारलें, "बाबा रे, मोटार तर अजून कारखान्यांत तयार व्हावयाची आहे. मग तुझें काम बरोबर झालें कीं नाहीं हें तूं पाहतोस तरी कसें?" तो हसून म्हणाला, "गुरुजी, मोटार नसली म्हणून काय झालें? आम्ही मोटारीचें सोंग उभें करतों." त्या एका वाक्यानें माझें कुतूहल जागें झालें आणि मी या विषयाचा इतिहास वाचूं लागलों. त्यांतून जें हातीं आलें तें आज सांगतों.

प्रथम या पोटांतल्या संगणकाची ओळख करून घेऊं. संगणक म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें टेबलावरचा पडदा आणि कळफलक उभा राहतो. परंतु आज जगांतले बहुतेक संगणक डोळ्यांना दिसतच नाहींत. कपडे धुण्याच्या यंत्रांत, मोटारीच्या ब्रेकमध्यें, विजेच्या मीटरांत, रुग्णालयांतील उपकरणांत ते दडून बसलेले असतात. त्यांना ना पडदा, ना कळफलक. एकच नेमलेलें काम त्यांनीं निमूटपणें करावयाचें. तें काम कसें करावें हें सांगणारी जी आज्ञांची मालिका त्यांच्यांत भरलेली असते तिला आज्ञावली म्हणतात. आतां अडचण अशी कीं, ही आज्ञावली लिहितांना ज्या यंत्रांत ती बसावयाची तें यंत्र पुष्कळदां जन्मासच आलेलें नसतें. आलें असलें तरी तें महाग असतें, एकुलतें एक असतें, किंवा चूक झाल्यास तें जळतें, फुटतें, माणसाचा जीव घेतें. चूक करून शिकण्याची जी मोकळीक आपण पाटीवर लिहिणाऱ्या मुलाला देतों, ती येथें मिळत नाहीं.

यावर माणसानें जो उपाय शोधला तो आपल्या गांवोगांव हिंडणाऱ्या बहुरूप्यासारखा आहे. बहुरूपी आज फौजदार होऊन येतो, उद्यां वैद्य होऊन येतो. माणूस तोच, परंतु समोरच्याला तो फौजदारच वाटतो. त्याचप्रमाणें एक मोठा संगणक दुसऱ्या, लहानशा संगणकाचें सोंग घेतो. लहान संगणकाला उद्देशून लिहिलेली आज्ञावली त्याच्यापुढें ठेवली कीं तो ती एकेक आज्ञा वाचतो आणि त्या जागीं तो लहान संगणक असता तर त्यानें जें केलें असतें तेंच करून दाखवितो. आज्ञावलीला या फसवणुकीचा पत्ताही लागत नाहीं. या बहुरूपी यंत्राला इंग्रजींत एम्युलेटर म्हणतात, आणि नुसत्या संगणकाचेंच नव्हे तर भोंवतालच्या साऱ्या परिस्थितीचें सोंग जें आणतें त्याला सिम्युलेटर म्हणतात. आपण आज दोहोंनाही बहुरूपी म्हणूं.

एक यंत्र दुसऱ्याचें सोंग घेऊं शकेल, हा विचार यंत्राच्याही आधींचा आहे. १९३६ सालीं ॲलन ट्यूरिंग या तरुण इंग्रज गणितज्ञानें एका निबंधांत अशा कल्पित यंत्राचें वर्णन केलें कीं, दुसऱ्या कोणत्याही गणन करणाऱ्या यंत्राचें वर्णन त्याला वाचावयास दिलें असतां तें त्या दुसऱ्या यंत्रासारखें वागूं लागेल. त्या वेळीं असा संगणक जगांत कोठेंही नव्हता. या विचाराला बाजारपेठेंत किंमत आली ती पुढें अठ्ठावीस वर्षांनीं. ७ एप्रिल १९६४ रोजीं आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीनें आपली ३६० ही नवी यंत्रमाला जाहीर केली. जुन्या यंत्रांसाठीं लिहवून घेतलेल्या आज्ञावल्या टाकून देण्यास गिऱ्हाईक तयार नव्हतें. म्हणून नव्या यंत्रांना जुन्यांचें सोंग घेण्याची सोय करून दिली, आणि एम्युलेटर हा शब्द या अर्थानें रूढ झाला तो त्याच सुमारास, त्याच कंपनीच्या मंडळींकडून. जुन्याचें सोंग जर घेतां येतें, तर अजून न जन्मलेल्याचें कां घेतां येऊं नये? ही गरज सर्वांत तीव्रतेनें भासली ती चंद्रावर जाण्यास निघालेल्या लोकांना.

१९६१ सालीं अमेरिकेनें चंद्रावर माणूस उतरविण्याचा संकल्प सोडला, आणि त्या यानांना वाट दाखविणाऱ्या संगणकाचें काम मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्रयोगशाळेकडे दिलें. तिचे प्रमुख होते चार्ल्स स्टार्क ड्रेपर. त्यांच्या मंडळींनीं घडविलेला संगणक सुमारें ३२ किलो वजनाचा होता. त्याचा कायमचा स्मरणसांठा ३६,८६४ शब्दांचा, आणि पुसून पुन्हां लिहितां येईल असा सांठा अवघा २,०४८ शब्दांचा. आजच्या साध्या मोबाइलपुढें हें कांहींच नव्हे.

परंतु त्या कायमच्या सांठ्याची रचना ऐकण्यासारखी आहे. तो अक्षरशः विणलेला असे. लोहचुंबकी द्रव्याच्या बारीक कड्यांच्या रांगा असत. तार कड्यामधून ओवली तर त्याचा अर्थ एक, आणि कड्याच्या बाहेरून नेली तर त्याचा अर्थ शून्य. हें विणकाम बॉस्टनजवळच्या वॉल्थम गांवीं रेथिऑन कंपनीच्या कारखान्यांत स्त्रिया हातानें करीत. त्या मुलखांत कापडाच्या गिरण्यांचा धंदा जुना, तेव्हां विणकाम जाणणारे हात तेथें मिळत. आठवडेच्या आठवडे खपून एकेक सांठा तयार होई. एकदां तो विणून बंद केला कीं त्यांतली एक आज्ञाही सहजासहजीं बदलतां येत नसे. पैठणीचा पदर विणून झाल्यावर त्यांतला मोर फिरवून बसवा म्हटलें तर कसें होईल, तसाच हा प्रकार.

म्हणजे आज्ञावलींत चूक असेल तर ती विणकामास जाण्याआधींच सांपडली पाहिजे होती. त्यासाठीं प्रयोगशाळेंत खोलीभर पसरलेल्या मोठ्या संगणकाला यानांतल्या लहानग्या संगणकाचें सोंग देण्यांत आलें. तो मोठा संगणक एकेक आज्ञा लहान संगणकाच्या रीतीनें पाळी, आणि त्याबरोबरच यान कोठें आहे, इंजिन किती जोरानें ढकलीत आहे, चंद्र त्याला किती ओढीत आहे, याचाही हिशोब करी. चंद्रावरचें उतरणें असें केंब्रिज गांवांतल्या एका इमारतींत, कागदावर उमटणाऱ्या आंकड्यांच्या रूपानें, कितीतरी वेळां होऊन गेलें. या पद्धतीचा मोठा गुण हा कीं, बहुरूप्याला वाटेल त्या क्षणीं थांबवितां येतें, त्याच्या पोटांत काय चाललें आहे हें उघडून पाहतां येतें, आणि तोच प्रसंग पुन्हां घडवितां येतो. खऱ्या यानाला, "थांब, मागच्या क्षणाला परत जा," असें कोण म्हणणार? याखेरीज खरा संगणक आणि यानाच्या कोठडीची प्रतिकृति एकत्र जोडूनही तालमी होत. तेथें आकाश तेवढें खोटें असे. हातांखालचीं बटनें खरीं असत.

या तालमींच्या काळांतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. यानाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींत मार्गारेट हॅमिल्टन या प्रमुख होत्या. रात्रीं आणि सुट्टीच्या दिवशीं काम करावें लागे, तेव्हां त्या आपल्या लहान मुलीला बरोबर आणीत. एके दिवशीं ती पोर बहुरूपी यंत्राच्या बटनांशीं खेळूं लागली, आणि यान जणूं अर्ध्या वाटेवर आहे असें सोंग चाललें असतां उड्डाणापूर्वीं वापरावयाचा पहिला कार्यक्रम तिनें दाबून सुरू केला. झालें! सारा खेळ कोसळला. हॅमिल्टनबाईंच्या मनांत आलें कीं, जें या मुलीनें केलें तें उद्यां एखादा अंतराळवीरही करील. त्यावर प्रतिबंध घालणाऱ्या आज्ञा जोडूं द्याव्या, असा त्यांनीं आग्रह धरला. वरिष्ठांचें उत्तर आलें कीं, अंतराळवीर उत्तम शिकविलेले असतात, ते अशी चूक करणार नाहींत. अखेर केवळ एक सूचना लिहून ठेवण्यांत आली.

डिसेंबर १९६८ मध्यें अपोलो ८ हें यान तीन माणसें घेऊन चंद्राला प्रदक्षिणा घालून परतत होतें. त्या वाटेवर जेम्स लॉव्हेल या निष्णात अंतराळवीराच्या हातून तेंच घडलें. एक क्रमांकाच्या ताऱ्याऐवजीं एक क्रमांकाचा कार्यक्रम सुरू झाला आणि यानाच्या दिशेची नोंद पुसली गेली. लॉव्हेलनें तारे पाहून दिशा पुन्हां साधली, म्हणून निभावलें. श्रोतेहो, तालमींत चूक सांपडली होती. परंतु ती खेळणाऱ्या पोरीची चूक म्हणून बाजूला सारली गेली. सराव परीक्षेंत नापास झालेल्या मुलाचा पालक, "खऱ्या परीक्षेंत तो असें करणार नाहीं," म्हणून सांगत येई. मला त्या पालकाची येथें आठवण होते.

आतां याच्या उलट बाजू पाहूं. २० जुलै १९६९. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांचें यान चंद्राच्या भूमीकडे उतरत असतां संगणकावर अकस्मात् १२०२ या क्रमांकाची धोक्याची सूचना झळकली. तिचा अर्थ, माझ्यावर झेपेल त्याहून अधिक काम येऊन पडलें आहे. कारण असें कीं, मातृयानाशीं भेट घडविणारें रडार त्या वेळीं चालू स्थितींत होतें, आणि त्या रडारला मिळणारा विद्युत्प्रवाह व संगणकाचा प्रवाह यांचा ताल एकमेकांशीं जुळत नव्हता. गवई एका तालांत आणि तबलजी दुसऱ्यांत असावा तसें झालें. रडारकडून निरर्थक खुणांचा वर्षाव होऊं लागला, आणि त्या मोजण्यांतच संगणकाचा शेंकडा १३ ते १५ वेळ खर्ची पडूं लागला. तालमी घेणाऱ्या यंत्रांत विजेच्या दोन प्रवाहांमधला हा सूक्ष्म बेबनाव उतरलेला नव्हता. बहुरूप्यानें सर्व वेष घेतला होता, पण ही एक सुरकुती त्याला ठाऊक नव्हती.

मग यान वांचलें कसें? दोन गोष्टींनीं. एक अशी कीं, काम डोईजड झालें तर कमी महत्त्वाचें सोडून अत्यावश्यक तेवढेंच चालू ठेवावें, अशी शिकवण त्या आज्ञावलींत आधींच घातलेली होती. दुसरी गोष्ट तालमीची. त्याच जुलैच्या आरंभीं ह्यूस्टन येथें जमिनीवरच्या नियंत्रकांची एक सराव तालीम झाली. तालमीचे सूत्रधार डिक कूस यांनीं मुद्दाम याच जातीची एक धोक्याची सूचना मध्येंच सोडली. नियंत्रक गोंधळले, आणि त्यांनीं उतरणें रद्द करविलें. तालमीनंतर कूस यांनीं त्यांना सांगितलें कीं, रद्द करण्याचें कारण नव्हतें. नियंत्रकांचे प्रमुख जीन क्रान्झ यांनीं ही गोष्ट मनावर घेतली, आणि जॅक गारमन या २४ वर्षांच्या अभियंत्यानें संगणक देऊं शकेल अशा सर्व सूचनांची आणि प्रत्येकीस काय करावें याची एक यादी हातानें लिहून काढली. खऱ्या दिवशीं १२०२ झळकतांच गारमनची नजर त्या यादीवर गेली, २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्सनें पुढें जाण्याची संमति दिली, आणि माणूस चंद्रावर उतरला.

हें मला विशेष महत्त्वाचें वाटतें. तालमीला खरा बिघाड सांपडला नाहीं. बिघाडाचें कारणही तेथें नव्हतें. परंतु तालमीनें माणसें तयार केलीं. लॉव्हेलच्या बाबतींत तालमीनें जें सांगितलें तें माणसांनीं ऐकलें नाहीं, आणि येथें माणसांनीं ऐकलें. एवढाच काय तो भेद.

तिसरा प्रसंग अपोलो १४ चा. फेब्रुवारी १९७१ मध्यें ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल चंद्राभोंवतीं फिरत उतरण्याची तयारी करीत होते. तों त्यांच्या संगणकाला असें भासूं लागलें कीं, उतरणें रद्द करण्याचें बटन दाबलें गेलें आहे. वस्तुतः कोणीं बटनाला हात लावला नव्हता. बटनाच्या आंत डाकाचा एखादा सुटा कण तरंगत असावा, असा तर्क होता. फळीवर टिचकी मारली कीं खूण नाहींशी होई आणि थोड्या वेळानें पुन्हां येई. उतरतांना इंजिन पेटल्यावर ती आली असती तर संगणकानें खरोखरच उतरणें मोडून यान वर नेलें असतें. आणि आज्ञावली तर तारांत विणलेली, ती बदलावयाची कशी? केंब्रिजच्या प्रयोगशाळेंत डॉन आइल्स या तरुणानें रात्रीं एक युक्ति काढली. पुसतां येणाऱ्या सांठ्यांत कांहीं आंकडे घालून संगणकाची अशी समजूत करून द्यावयाची कीं, रद्द करण्याचें काम आधींच चालू आहे. मग त्या बटनाकडे तो पुन्हां लक्ष देणार नाहीं. यान चंद्रामागून फिरत असतां ही युक्ति प्रथम जमिनीवरच्या बहुरूपी यंत्रावर करून पाहण्यांत आली, आणि मगच ती आकाशांत वाचून दाखविली. मिचेलनें ते आंकडे बोटांनीं भरले, आणि ५ फेब्रुवारीस यान सुखरूप उतरलें. ज्यांत चूक करण्याची एकही संधि नव्हती असें काम चूक करण्याची मुभा असलेल्या जागीं आधीं झालें, म्हणून तें साधलें.

ही विद्या चंद्रावरून आपल्या घरांत आली ती १९७५ च्या सुमारास. त्या वर्षीं जानेवारीच्या पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर नांवाच्या एका लहान संगणकाचें चित्र आलें. तो न्यू मेक्सिकोंतल्या अल्बुकर्क येथील एका छोट्या कंपनीचा. पॉल ॲलन आणि बिल गेट्स या दोन तरुणांनीं त्या कंपनीला कळविलें कीं, तुमच्या यंत्रासाठीं बेसिक भाषा आम्ही देऊं. खरें पाहतां त्यांच्यापाशीं तें यंत्रच नव्हतें. ॲलननें हार्वर्ड विद्यापीठांतील मोठ्या संगणकाला अल्टेअरच्या आंतल्या ८०८० या चिपेचें सोंग शिकविलें. त्यासाठीं आधार काय, तर त्या चिपेचें माहितीपुस्तक. त्या सोंगावर गेट्स, ॲलन आणि मॉन्टे डेव्हिडॉफ यांनीं आपली आज्ञावली लिहून तपासली. मग ॲलन कागदी फीत घेऊन विमानानें निघाला. वाटेंत त्याला आठवलें कीं, फीत वाचून घेण्यासाठीं यंत्राला ज्या आरंभींच्या आज्ञा लागतात त्या लिहावयाच्याच राहिल्या आहेत. त्या त्यानें विमानांत बसून कागदावर लिहिल्या. दुसऱ्या दिवशीं जें यंत्र त्यानें जन्मांत पाहिलें नव्हतें त्याला त्यानें विचारलें, दोन आणि दोन किती? यंत्रानें उत्तर दिलें, चार. त्या चाराच्या आंकड्यावर पुढें मायक्रोसॉफ्ट ही कंपनी उभी राहिली.

या यशाचें बीज कशांत होतें? माहितीपुस्तक प्रामाणिक होतें, आणि ॲलननें तें प्रामाणिकपणें वाचलें होतें. सोंग मुळाशीं इमान राखून होतें, म्हणून सोंगापुढें जें चाललें तें मुळापुढेंही चाललें.

जेथें हें इमान सुटलें त्याची कथा सांगण्याआधीं माझ्या घरची एक गोष्ट सांगतों. मी नोकरींत नवा असतां एका शाळेच्या संमेलनांत मुलांचें नाटक बसविलें होतें. महिनाभर तालमी वर्गांत झाल्या. वर्गाचें दार डाव्या हाताला. सेनापतीचें काम करणारा मुलगा भाषण संपवून रोज तडफेनें डावीकडे निघून जाई. संमेलनाच्या दिवशीं मांडवांतल्या रंगमंचाला वाट होती उजवीकडे. सेनापति संवयीप्रमाणें डावीकडे वळला आणि कनातींत गुरफटला. प्रेक्षक पोट धरून हंसले. पोर रडवेलें झालें. दोष त्याचा नव्हता. मीं त्याची तालीम चुकीच्या खोलींत घेतली होती. तालीम कमी झाली नव्हती, उलट महिनाभर होऊन तिनें चुकीची वाटच त्याच्या पायांत पक्की बसविली होती.

४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतल्या फ्रेंच गियानांत कुरू येथून युरोपचा आरियान ५ हा नवा अग्निबाण पहिल्यांदाच उडाला. त्याच्या माथ्यावर शास्त्रीय संशोधनाचे क्लस्टर नांवाचे चार उपग्रह होते. सुमारें चाळीस सेकंदांत, ३,७०० मीटर उंचीवर, तो वांकडा होऊन फुटला. अग्निबाणाची दिशा आणि वेग सांगणारें एक उपकरण त्यांत होतें. त्याची आज्ञावली पूर्वींच्या आरियान ४ मधून जशीच्या तशी घेतली होती. आडव्या वेगाशीं संबंध असलेला एक आंकडा ती एका लहान खणांत भरीत असे. त्या खणांत ३२,७६७ पेक्षां मोठा आंकडा मावत नाहीं. जुन्या अग्निबाणाच्या वाटेवर तो आंकडा लहान राही. नवा अग्निबाण आरंभींच अधिक वेगानें आडवा होई. आंकडा खणांत मावेना, तेव्हां उपकरणानें काम बंद केलें. राखीव उपकरणांतही तीच आज्ञावली होती. तें त्याच्या आधींच, क्षणाच्याही अंशांत, तसेंच बंद पडलें होतें. आणि कडू मौज अशी कीं, आज्ञावलीच्या ज्या भागांत हें झालें त्याची उड्डाणानंतर नव्या अग्निबाणाला मुळींच गरज नव्हती.

फ्रेंच गणिती झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली. अग्निबाणाच्या संपूर्ण मार्गदर्शनाच्या तालमी झाल्या होत्या, परंतु त्या तालमींत हें उपकरण स्वतः हजर नव्हतें. त्याच्या जागीं त्याचें सोंग बसविलें होतें. आणि नव्या अग्निबाणाच्या वाटेचे आंकडे देऊन त्या उपकरणाची वेगळी परीक्षाही कोणीं घेतली नव्हती. जुन्या यानांत तें वारंवार उत्तीर्ण झालेलें, तेव्हां नवी परीक्षा कशाला, असा विचार झाला. अपघातानंतर त्या उपकरणाची आज्ञावली प्रयोगशाळेंत संगणकावर चालवून तिला उड्डाणाचे खरे आंकडे देण्यांत आले, तेव्हां सारी अपघाताची सांखळी हुबेहूब पुन्हां घडली. म्हणजे तालमीची शक्ति उणी नव्हती. सेनापतीसारखी त्याचीही तालीम जुन्याच खोलींत झाली होती.

आज हे बहुरूपी फार स्वस्त आणि फार चपळ झाले आहेत. १९७० च्या दशकाच्या मध्यास इंटेल कंपनीनें असें साधन विकावयास काढलें कीं, ज्याची वायर खऱ्या उपकरणांत चिपेच्या जागीं खुपसावी, आणि चिपेचें सोंग बाहेरून चालवावें. भोंवतालचें सारें खरें आणि मेंदू तेवढा सोंगाचा, असा तो प्रकार. २००३ सालीं फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच अभियंत्यानें क्यूएमू नांवाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. ती साध्या घरगुती संगणकाला निरनिराळ्या जातींच्या चिपांचें सोंग देते, आणि ती कोणालाही फुकट मिळते. खोलीभर यंत्रें आणि एका राष्ट्राची तिजोरी ज्यासाठीं लागली होती तें काम आतां एखादा कॉलेजांतला मुलगा आपल्या माजघरांत बसून करतो. माझ्या विद्यार्थ्यानेंही आपले पहिले धडे असेच गिरविले.

मीं त्याला शेवटीं विचारलें, "मग आतां खऱ्या मोटारीवर पाहण्याचें कारणच काय?" तो गंभीर होऊन म्हणाला, "गुरुजी, सोंगाच्या मोटारीला ऊन लागत नाहीं. तिच्या तारा सैल होत नाहींत, तिच्यांत धूळ जात नाहीं, तिची बॅटरी उतरत नाहीं. आम्हांला जें सुचतें तेवढेंच सोंगांत असतें. जें सुचत नाहीं तें रस्त्यावर भेटतें." मला वाटतें, मीं वाचलेल्या साऱ्या इतिहासाचें सार त्या पोरानें चार वाक्यांत सांगितलें.

सगळीं सोंगें आणतां येतात पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. यंत्रांच्या बाबतींत ती अशी म्हणावी लागेल कीं, सगळ्याचें सोंग आणतां येतें, पण जें आपल्या ध्यानांत आलेलें नाहीं त्याचें आणतां येत नाहीं. म्हणून तालीम सोडावी असें नव्हे. तालमीवांचून प्रयोगास उभें राहणें हा तर प्रेक्षकांचा आणि नटांचा दोघांचाही घात. परंतु तालीम घेणारानें तीन गोष्टी पाळाव्या. सोंग मुळाशीं इमान राखून असावें. तालीम खऱ्या प्रयोगाच्याच खोलींत, त्याच वाटेवर घ्यावी. आणि तालमींत जी चूक दिसेल ती कोणाच्या हातून झाली हें न पाहतां, ती लहान पोरीच्या हातून झाली असली तरीही, खरी मानावी.

आपल्या घरांतलें कपडे धुण्याचें यंत्र आज संध्याकाळीं वेळेवर थांबेल, दारांतली मोटार ब्रेक दाबतांच उभी राहील. त्यामागें कोणींतरी कोठेंतरी ती चूक आधींच करून, पाहून, सुधारून ठेवलेली असते. त्या कोणाचें नांव आपणांस कधीं कळत नाहीं. रिकाम्या खुर्च्यांपुढें झालेल्या त्या तालमीला टाळ्या मिळत नाहींत. त्या आज आपण मनांतल्या मनांत वाजवाव्या, एवढीच माझी विनंति आहे.